पेंढारी : एका शब्दाचा प्रवास



स्मरणिकेत बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या असतील. मी एका शब्दावर लिहिते आहे, पण तो शब्दही शाळेतच कानावर पडलेला आहे. मधल्या सुट्टीत नळावर एकच झुंबड उडाली की आमचे इतिहासाचे सर वऱ्हांड्यातून ओरडायचे, "अरे, पेंढारी आहात का रे?" आम्ही हसायचो. पेंढारी म्हणजे लुटारू, हेस्टिंग्जने त्यांचा बंदोबस्त केला, एवढे परीक्षेपुरते पाठ होते. पुढे वाचत गेले तेव्हा कळले की हा शब्द आपल्या धानाच्या शेताशी, नागपूरच्या गादीशी आणि आपल्या गावागावांतल्या पडक्या गढ्यांशी जोडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रजांनी आपल्याकडून मसाले, कापूस आणि मँगनीज नेले, तसे शब्दही नेले. त्यांतले बरेच लुटालुटीचे आहेत. 'लूट' हा शब्द इंग्रजीत आज इतका रुळला आहे की तो आपला होता हे त्यांनाही आठवत नाही. 'ठग' अमेरिकेच्या रस्त्यांवर पोचला. 'डकैत' थेट कायद्यात गेला. १८६० च्या दंडसंहितेने पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला डकैती म्हटले आणि तीच व्याख्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही आहे. 'पेंढारी' मात्र इंग्रजीत 'पिंडारी' होऊन गेला आणि तिथल्या जुन्या पुस्तकांतच राहिला. १८१० ते १८२० या दशकात कंपनीच्या कागदपत्रांत याच्याइतका धास्तीचा शब्द दुसरा क्वचितच असेल. आज तो फक्त इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

या शब्दाच्या उगमाबद्दल पंडितांमध्ये चांगलेच मतभेद आहेत. जॉन माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते 'पिंडा' नावाच्या मादक पेयावरून हे नाव पडले, कारण ही माणसे सदा गुत्त्यावर पडलेली असत. खुद्द करीम खान या पेंढारी सरदाराने आपल्याला याखेरीज दुसरे कारण ऐकून माहीत नाही असे सांगितले, अशी माल्कमची साक्ष आहे. विल्यम आयर्विन या इतिहासकाराने बऱ्हाणपूरच्या बाजूच्या पंढार नावाच्या ठिकाणाकडे बोट दाखवले. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश काढला. त्यांना यांतले काहीच पटले नाही. हिंदीतल्या 'पिंड पडना' म्हणजे पाठीशी लागणे, चिकटून राहणे, या प्रयोगावरून सैन्याच्या मागे लागलेले ते पिंडारी, अशी आपली एक अटकळ त्यांनी पुढे ठेवली.

चौथी व्युत्पत्ती एच. एच. विल्सन या संस्कृत पंडिताची. त्याने मराठी 'पेंढा' हा शब्द धरला. पेंढा म्हणजे भाताचे वाळलेले काड, आणि तो नेणारा तो पेंढारी. फौजेच्या मागे राहून घोड्यांसाठी वैरण गोळा करणारे जे स्वार, त्यांना आधी हे नाव पडले, असे त्याचे म्हणणे.

मला हीच व्युत्पत्ती जवळची वाटते, आणि त्याचे कारण केवळ भाषेचे नाही. मराठीत हा शब्द 'ढ' घेऊन येतो, पिंडातला 'ड' घेऊन नाही. 'पुजारी', 'भिकारी' या शब्दांच्या रांगेत तो सहज बसतो. पण त्याहून मोठे कारण म्हणजे पेंढा ही काय चीज आहे हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. आपण त्याला तणीस म्हणतो. दिवाळीनंतर धान कापायचे, कडपा वाळू द्यायच्या, भारे बांधायचे, पुंजणे रचायचे, मळणी झाली की तणसाचे ढीग घालायचे. त्या ढिगावर वर्षभराची गुरे जगतात. ढीग गेला तर बैल गेले, आणि बैल गेले तर पुढच्या वर्षीची रोवणी गेली. तणीस नेणारा माणूस दारात उभा राहिला म्हणजे काय होते, हे कोशात पाहण्याची गरज आपल्याला नाही.

आता वैरण गोळा करणाऱ्याचा लुटारू कसा झाला? याचे उत्तर पगारात आहे. अठराव्या शतकातली मराठी फौज घोड्यांवर चाले. हजारो घोडी रोज चारायची म्हणजे मुख्य लष्कराच्या आजूबाजूला वैरण, दाणा, लाकूडफाटा आणणारी माणसे हवीत. ही माणसे स्वतःचे तट्टू आणि स्वतःचा भाला घेऊन येत. सरकारातून त्यांना पगार मिळत नसे. उलट मोहिमेबरोबर राहून शत्रूचा मुलूख लुटण्याची मुभा मिळावी म्हणून तेच सरदाराला काही देत. सरदाराला हा व्यवहार सोयीचा होता. खर्च काही नाही, शत्रूची रसद तुटते आणि तक्रार आली तर ही आमची माणसे नव्हेत असे म्हणता येते. पानिपतावरही पेशव्यांच्या फौजेबरोबर पेंढाऱ्यांची मोठी पथके होती. पुढे शिंद्यांच्या बाजूचे ते सिंदेशाही आणि होळकरांच्या बाजूचे ते होळकरशाही, असे त्यांचे दोन तट पडले. त्यांना एक जात नव्हती, एक धर्म नव्हता. सरदार बहुतेक मुसलमान, पण टोळीत सगळ्या थरांतली माणसे. दुष्काळात घर मोडलेला, रजा मिळालेला शिपाई, सावकाराला कंटाळून पळालेला, असा कोणीही घोडे मिळाले की पेंढारी होई. आणि इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहांमुळे संस्थानिकांना जसजशा आपल्या फौजा मोडाव्या लागल्या, तसतशी बेकार स्वारांची भर या टोळ्यांत पडत गेली. १८१४ च्या सुमारास पंचवीस-तीस हजार पेंढारी स्वार असल्याचा अंदाज होता.

त्यांचा तळ नर्मदेच्या काठी, माळव्याच्या अंगाला. पावसाळाभर ते तिथे राहात. दसरा झाला, नद्यांना उतार पडला, की घोड्यांना नाल ठोकून बाहेर पडत. ना तंबू, ना सामान. स्वतःला चार भाकरी आणि घोड्याला थोडा दाणा. दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारायची, गावावर पडायचे, हाती लागेल ते घ्यायचे आणि पाठलाग सुरू होण्याआधी निघून जायचे. त्यांतल्या चांगल्या स्वारांकडे बारा ते अठरा फुटी भाले असत. बंदुका फार थोड्या. पुरलेले धन काढून घेण्यासाठी घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधायचा, ही त्यांची ठरलेली रीत होती. तिथी पाहा. दसऱ्यानंतरचा काळ म्हणजे आपल्या झाडीपट्टीत धान कापणीचा काळ. वर्षाचे सगळे पीक बांधीत आणि खळ्यावर उघडे पडलेले असताना नदीला उतार असे आणि यांच्या घोड्यांना नवे नाल असत.

आता नागपूरकडे येऊ. आपला सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. दुसरे रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध शिंद्यांच्या बाजूने लढले, हरले आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड घालवून बसले. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. गेलेले उत्पन्न राहिलेल्या मुलखातून भरून काढायचे असे ठरले. सारा वाढला, नवे कर बसले. फौजेचा पगार थकला आणि राजाचेच शिपाई रयतेला लुटून पोट भरू लागले. नेमक्या याच काळात पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. १८११ साली ते थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरच्या वस्त्या त्यांनी जाळल्या. राजधानीची ही गत, तर दोन मजलांवरच्या खेड्यांना कोण वाली?

खेड्यांनी आपला वाली आपणच शोधला. आपल्या भागात गावोगाव ज्या मातीच्या गढ्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा याच वर्षांतल्या आहेत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये याचे मोजक्या शब्दांत वर्णन आहे. पेंढारी आल्याची वर्दी मिळाली की कुणबी बायकापोरांसह गढीत शिरत आणि केवळ जिवासाठी लढत, कारण भिंतीबाहेरचे सगळे त्यांच्या दृष्टीने आधीच गेलेले असे. हे वाचल्यापासून मला गढीकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. बाहेर गेले ते काय, हे आपल्याला ठाऊक आहे : पुंजणे, तणीस, बैल, बियाण्याचे धान.

एक खुलासा करते. आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक तट पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेला नाही. पवनीचा परकोट त्याहून कितीतरी जुना. तुमसरजवळचा अंबागड १७०० च्या आसपासचा, देवगडच्या बख्त बुलंदाच्या राजा खान पठाण या सुभेदाराने बांधलेला. भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. ते किल्ले राजांनी राज्यासाठी बांधले. गढी गावाने गावासाठी उभी केली. म्हणूनच बहुधा किल्ल्याला नावाची पाटी असते आणि गढीच्या मातीतून आपण घरासाठी पांढरी माती खणून नेतो.

आतापर्यंत गोष्ट सरळ आहे. दुष्ट पेंढारी, गरीब गाव. पण याच नागपूरच्या दरबारातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिरू आणि बुरान हे दोन पेंढारी सरदार आपली टोळी घेऊन भोपाळला गेले. आम्हाला नोकरीत घ्या, आम्ही नागपूरचा मुलूख लुटू, असे ते म्हणाले. भोपाळने नकार दिला. मग ते नागपूरला आले. रघूजी भोसल्यांनी त्यांना ठेवून घेतले आणि भोपाळ लुटायला पाठवले. त्या वेळी भोपाळचा मुलूख चांगला भरभराटीत होता. त्यांनी तो पार धुऊन काढला. लूट घेऊन परत आले तेव्हा राजाने ती सगळी जप्त केली आणि बुरानला कैदेत टाकले. तो नागपूरच्या कैदेतच मेला. हिरू निसटला आणि शिंद्यांकडे गेला. पुढे ज्या पेंढारी सरदारांची नावे सगळीकडे गाजली, ते बव्हंशी याच दोघांच्या टोळ्यांतून वर आले.

म्हणजे भोपाळच्या शेतकऱ्याचे घर पेंढाऱ्याने जाळले, पण धन पोचले नागपूरच्या खजिन्यात. भोपाळच्या मंत्र्याने त्या दिवशी हो म्हटले असते तर तीच टोळी वैनगंगेकडे वळली असती. दोन्हीकडे लुटारू म्हणून नाव लागले ते एकाचेच.

याच्या आधीचा एक प्रसंग बंगालमध्ये गेलेल्या आपल्या मैत्रिणींना माहीत असेल. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे पहिल्या रघूजींच्या फौजांनी, भास्करराम कोल्हटकरांच्या आणि इतरांच्या हाताखाली, बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्या भाषेत 'बारगीर' म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा साधा स्वार. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि बर्गी म्हणजे लुटारू. बंगाली आया आजही बाळाला झोपवताना बर्गी आल्याची भीती घालणारे अंगाईगीत म्हणतात. १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली, हे आपण पराक्रम म्हणून शिकलो. तिकडच्या मुली तीच गोष्ट अंगाईतून शिकल्या. आपल्याकडे सरांच्या तोंडी जो 'पेंढारी' होता, तोच तिकडे 'बर्गी', आणि तो आपल्या घरून गेला होता. फौज कोणाची हे लुटलेला गाव विचारत नाही. आपल्या दाराशी काय घडले, त्यावरून तो नाव ठेवतो.

इंग्रजांनी हा शब्द उचलला तो मात्र वेगळ्या कामासाठी. १८१२ मध्ये पेंढारी मिर्झापूरपर्यंत पोचले. १८१६ मध्ये त्यांनी पूर्व किनाऱ्यावर गुंटूरच्या बाजूला कंपनीच्या मुलखात साडेअकरा दिवस धुमाकूळ घातला. कंपनीने नंतर चौकशी करून आकडे काढले : ३३९ गावे लुटली, १८२ माणसे ठार, ५०५ जखमी आणि ३६०३ जणांचा छळ. हे आकडे भयंकर आहेत आणि त्यांमागे खरी माणसे आहेत. त्यांच्याच बळावर लॉर्ड हेस्टिंग्जने विलायतेतून परवानगी मिळवली आणि १८१७ च्या पावसाळ्यानंतर सुमारे एक लाख वीस हजार फौज आणि तीनशे तोफा बाहेर काढल्या. पंचवीस-तीस हजार भालेकऱ्यांसाठी ही तयारी जरा जास्तच होती. ती संपली तेव्हा पेशवाई बुडालेली होती, सीताबर्डीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरकरांचा पराभव झालेला होता आणि होळकर-शिंदे तहांनी बांधले गेले होते. आपण त्याला तिसरे इंग्रज-मराठा युद्ध म्हणतो. इंग्रजी पुस्तकांत 'पिंडारी वॉर' हे नावही सर्रास चालते. राज्य बुडवले म्हणण्यापेक्षा लुटारू निपटले म्हणणे केव्हाही शोभून दिसते.

शेवटी कोणाचे काय झाले तेही पाहा. अमीर खान हा होळकरांच्या बाजूचा पठाण सरदार. पेंढाऱ्यांना हाताशी धरूनच त्याने राजस्थान पिळून काढले होते. त्याने नोव्हेंबर १८१७ मध्ये वेळेवर इंग्रजांशी करार केला आणि तो टोंकचा नवाब झाला. करीम खान फेब्रुवारी १८१८ मध्ये माल्कमला शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल महंमदने गाझीपूरला नजरकैदेत विष घेतले. चित्तू शरण गेला नाही. इकडे मे १८१८ मध्ये आपल्या नागपूरच्या गादीवरून काढलेले अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. तिथे चित्तू त्यांना मिळाला. पावसाळाभर दोघे त्या रानात होते. फेब्रुवारी १८१९ मध्ये ते अशीरगडाकडे पळाले. चित्तूला किल्ल्यात घेतले नाही. तो एकटा जंगलात शिरला आणि वाघाने त्याला खाल्ले. काही दिवसांनी रानाच्या कडेला त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिरात अडीचशे रुपये, काही शिक्क्यांच्या अंगठ्या आणि अप्पासाहेबांची पत्रे होती. पुढे मोठे इनाम देऊ, असे वचन त्या पत्रांत होते.

मला या सगळ्या इतिहासात ती पत्रे सर्वांत महत्त्वाची वाटतात. पेंढाऱ्याच्या खोगिरात राजाचा कागद असायचाच. तो बहुतेक वेळा सापडत नाही, एवढेच. 'पेंढारी' हा शब्द लुटणाऱ्याचा हात लक्षात ठेवतो. त्या हाताला पगार न देता मोहिमेवर पाठवणारा, त्याची लूट परस्पर जप्त करणारा, पुढे त्याच्या नावाने युद्ध पुकारून राज्ये गिळणारा, या कोणासाठीही शब्द शिल्लक राहिला नाही. राजाच्या थकलेल्या पगाराच्या शिपायांनी रयत लुटली, त्यांनाही कोणी पेंढारी म्हटले नाही. माझ्या रोजच्या कामात एखाद्या रकान्याला सुरुवातीलाच चुकीचे नाव पडले, तर पुढची सगळी गणिते बिनचूक होऊनही उत्तर भलतेच येते. इतिहासातही असेच होते.

आणि नाव एकदा पडले की ते माणसांना चिकटते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच चोर ठरवलेल्या जमातींच्या याद्या तयार झाल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला. गावात पालं पडली की रात्री दार नीट लावून घ्या असे अजूनही सांगितले जाते, तेव्हा कायदा पुसला तरी शब्द राहतो हे कळते. पेंढारी या बाबतीत सुदैवी. मोहीम संपल्यावर ते शेतीला लागले आणि वीस-पंचवीस वर्षांत इतर कुणब्यांत मिसळून दिसेनासे झाले. नांगर मिळाल्यावर भाला सुटला, यावरून तो हातात का आला होता हेही समजते.

यातून पेंढाऱ्यांना निर्दोष ठरवायचे नाही. गढीच्या भिंतीआड पोराचे तोंड दाबून बसलेल्या बाईला सिंदेशाही आणि होळकरशाही यांतला फरक सांगून काय उपयोग? तिचा ढीग जळला होता. तिने दिलेले नाव तिच्यापुरते खरेच होते. आपण दोनशे वर्षांनी वाचतो, म्हणून आपल्याला ते खोगीरही उघडून पाहता येते आणि पाहिलेच पाहिजे.

आपल्यापैकी बरेच जण आता गावापासून लांब आहेत. मेळाव्याच्या निमित्ताने येणाऱ्यांना एकच विनंती. आपल्या गावात गढी असेल तर मुलांना ती दाखवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्याबद्दल विचारा. कोणी बांधली, आत विहीर होती का, दरवाजा कोणत्या बाजूला होता, जे सांगतील ते लिहून ठेवा. किल्ल्यांवर पुस्तके निघाली आहेत. गढ्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या खचत आहेत, आणि त्यांच्याविषयी सांगणारी माणसेही आता फार उरलेली नाहीत. पुढच्या स्मरणिकेत प्रत्येकाने आपल्या गावच्या गढीवर अर्धे पान लिहिले, तरी जिल्ह्याच्या इतिहासाचे एक प्रकरण तयार होईल.